बोर्ड किती ते नंतर, आधी सर्किट किती ते ठरवा

आजचा भाग घर बांधणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांचे आई-बाबा बांधतायत त्यांच्यासाठी. आमच्या सांगवीत काय किंवा बारामतीत काय, नवं घर म्हटलं की फरशी आणि रंगावर आठवडाभर चर्चा होते. वायरिंगचं मात्र “वायरमन बघेल” एवढ्यावर भागतं. पण भिंतीला झिरी मारून प्लास्टर झालं की बदल करणं महागात पडतं. म्हणून आधी कागद-पेन घ्या.

हिशोब सोपा आहे. घरात 230 व्होल्ट येतात. उपकरणावरचे वॅट भागिले 230, म्हणजे अँपिअर. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी घेते साधारण 8.7 अँपिअर. तेवढ्याच वॅटचा गीझर, आणखी 8.7. 1500 वॅटची किटली, साडेसहा. सकाळी तिन्ही एकदम चालू झाली की झाले जवळजवळ 24. आणि हे सगळं 16 अँपिअरच्या एकाच एमसीबीवर असेल, तर तो काही वेळात पडणारच.

आता खरा धोका इथे आहे. एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी म्हणतं, “32 चा टाकून देऊ.” एमसीबी पडायचा थांबतो, घरातले खूश. पण भिंतीतली वायर तीच, अडीच स्क्वेअर एमएमची! एमसीबी असतो वायर वाचवायला. तो मोठा केला की 24 अँपिअरला तो गप्प बसतो आणि वायर आत तापत राहते. पूर्वी फ्यूजमध्ये जाड तार घालायचे ना, तोच प्रकार.

मग करायचं काय? दिवे-पंखे वेगळ्या सर्किटवर, दीडची वायर. तापणाऱ्या प्रत्येक मोठ्या वस्तूला, म्हणजे गीझर, इंडक्शन, ओव्हन, स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि किमान अडीचची तांब्याची वायर. एसीला चारची. स्वयंपाकघराचं सर्किट हॉलला जोडू नका.

आता माणसाचं बघू. शॉक लागतो तेव्हा अंगातून जाणारा करंट एका अँपिअरच्या छोट्याशा भागाएवढा असतो. एमसीबीला तो कळतसुद्धा नाही, पण जीव जाऊ शकतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, की तो लाइन तोडतो. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर त्यालाही फरक कळत नाही. आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकीच्या जागी जोडला तर तो विनाकारण पडतो. तेव्हा “काढून टाकू” म्हणू नका, जोडणी दुरुस्त करून घ्या. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा.

अर्थिंग तर हवंच. उन्हाळ्यात जमीन सुकली की ते कमजोर पडतं, म्हणून खड्ड्यात पाणी घालत जा. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि लोड वाढला तर महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घ्या.

आज एवढंच करा: घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहून काढा आणि ती यादी वायरमनच्या हातात द्या. झिरी मारायच्या आधी हं!