परदेशातलं बिऱ्हाड – भाग 7 : गुणाकार सोडा, तास मोजा

माझी भाची येत्या आठवड्यात नर्स म्हणून जर्मनीला निघाली आहे. कामोठ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत सध्या पाय ठेवायला जागा नाही. पलंगावर उघडी बॅग, शेजारी वजनकाटा, आणि 23 किलोंत अख्खं वाणसामान बसवायची बहिणीची खटपट : भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पाच किलो तूरडाळ आणि घरी कढवलेल्या तुपाची बरणी.

"आधी ती बरणी काढ," मी म्हटलं. बहिणीचा चेहरा उतरला. पण बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. तूप, पेढे, खवा, सगळं बाद. ताजा कढीपत्ताही रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. नारळाला मात्र त्यातून सूट आहे.

"मावशी, तिथे दूध शंभर रुपये लिटर! कसं परवडणार?" भाचीने विचारलं. हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकू येतो. एमजीएम नर्सिंग कॉलेजमुळे कामोठ्यात नर्सिंग शिकणारी मुलं-मुली पुष्कळ. त्यात 2024 साली महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनीची चौकशी वाढली. जो तो युरोला शंभराने गुणतो आणि घाबरतो.

म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. जर्मनीत 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. लिटरभर दूध एक युरोच्या आसपास, म्हणजे चार-पाच मिनिटांचं काम. कर आणि विमा कापून गेल्यावर धरलं तरी सहा-सात मिनिटं. आता इकडे या. महिना 15,000 पगार, 26 दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे तासाला 72 रुपये. साठ रुपयांचं दूध घ्यायला पन्नास मिनिटं राबावं लागतं. महाग कुठलं दूध?

भाची खूश झाली, पण हिशेबाची दुसरी बाजू तिला लगेच दाखवली. तिथे वस्तू स्वस्त, माणसाचा हात महाग. पँट खालून दुमडून शिवायची तर तासाभराची मजुरी सहज जाते. कामोठ्यात कोपऱ्यावरचा आल्टरेशनवाला ते काम संध्याकाळपर्यंत करून देतो. पोळ्यांना मावशी नाहीत, नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाचे येण्याचेच पैसे वेगळे. खर्च वाढतो तो इथे. तूरडाळ तिथल्या भारतीय दुकानात मिळते. भेंडी, कोथिंबीर, मसूर हवे असतील तर तुर्की दुकान गाठावं, बहुतेक मोठ्या गावांत ते असतंच.

बाकी बारकावे राहायला लागल्यावर कळतात, पण दोन आधीच सांगते. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी भरून ठेवायची. आणि पाण्याची प्लास्टिकची बाटली घेताना वर 25 सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. बाटली चेपली आणि तिच्यावरची खूण यंत्राला वाचता आली नाही, तर यंत्र ती घेत नाही. नवी मंडळी सवयीने बाटली चुरगाळतात आणि पैसे घालवतात.

जर्मन सरकार विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी महिना 992 युरो खर्च धरतं. भाची विद्यार्थिनी नाही, पण एकट्या माणसाच्या काटकसरीच्या महिन्याचा अंदाज घ्यायला आकडा बरा. त्यातलं मोठं धूड घरभाड्याचं. जाहिरातीत भाडं दोन तऱ्हांनी लिहितात : 'काल्ट' म्हणजे नुसत्या जागेचं, 'वार्म' म्हणजे हीटिंग आणि इतर देखभाल धरून. वीज बहुधा त्यातही नसते. काल्टचा आकडा पाहून हुरळून गेलेले मी पाहिलेत. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर.

रात्री बॅग पुन्हा भरली. तूरडाळ पाचाची एक किलो झाली, भाजणी आणि मसाला राहिला. मोकळ्या जागेत मापाने शिवलेले चार कुर्ते, दुमडून घेतलेल्या तीन पँटी आणि नंबरच्या चष्म्याची जादा जोडी गेली. काट्यावर 22 किलो 400 ग्रॅम. बहिणीने न बोलता उरलेल्या जागेत एक नारळ ठेवला.