मुक्काम खाडीच्या कोणत्या काठावर?

आमच्या शेजारच्या मळ्यातले काका-काकू पहिल्यांदाच विमानात बसणार होते. लेक बंगळुरूला, तिचे दिवस भरत आलेले. जावईबापू कामाच्या गडबडीत, घरात दुसरे मोठे माणूस नाही. काकूंनी वेळेवर पोचणे भागच होते. पुतण्याने मोबाईलवर तिकीट काढून दिले. सकाळी पावणेसातचे विमान. काकांचे साडू विलेपार्ल्याला राहतात. विमाने त्यांच्या गच्चीवरूनच जातात म्हणा ना! मग मुक्कामाचा प्रश्नच कुठे येतो? रात्री साडूंकडे जेवणे झाली, गप्पा रंगल्या आणि पहाटे साडेचारला रिक्षा दाराशी आली. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन काकू विमानतळावर पोचल्या. दारावरच्या जवानाने तिकिटाचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "बाबा, हे विमान इथून नाही. नवी मुंबईहून आहे."

मग टॅक्सी, मग धावाधाव. नवी मुंबईच्या विमानतळावर दोघे पोचले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. विमान अजून जमिनीवरच होते, पण सामान घेणारी खिडकी बंद झालेली. संध्याकाळच्या विमानाची तिकिटे नव्याने काढावी लागली. त्या पैशांत एकरभर ठिबकच्या नळ्या आल्या असत्या, असे काका अजून म्हणतात. पैशांचे एक वेळ सोडा. नातू दुपारी तीनला झाला. काकू रात्री दहाला पोचल्या.

काका काही अडाणी नव्हेत. बाजार समितीतला हिशेब पैशापैशाने लावणारा माणूस. पण मुंबईला आता एक नव्हे, दोन विमानतळ आहेत, ही गोष्ट त्यांच्या अजून अंगवळणी पडली नव्हती. आपल्यापैकी किती जणांच्या पडली आहे?

पहिला विमानतळ आपल्या ओळखीचा, सांताक्रूझ-सहारचा. त्याचेही दोन भाग आहेत. टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल दोन अंधेरी पूर्वेला सहारला. टर्मिनल दोनची आताची मोठी इमारत २०१४ साली सुरू झाली. दोन्ही भागांत रस्त्याने चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे, तेव्हा तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा बघायचाच. दुसरा विमानतळ नवी मुंबईचा, पनवेल आणि उलव्याच्या मधला. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली.

या दुसऱ्या विमानतळाविषयी एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरात सांगायलाच हवी. तो उभा आहे ती जमीन म्हणजे भातखाचरे, मिठागरे आणि खाडीकाठची गावे. मधे उलव्याची टेकडी होती, ती कापून सपाट केली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. दहा गावे-पाडे उठले. त्याही आधी, नवी मुंबई वसवण्यासाठी घेतलेल्या जमिनींना रास्त मोल मिळावे म्हणून उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरले होते. १९८४ च्या जानेवारीत तिथे गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिथल्या चकचकीत फरशीवरून चालताना हे आठवले म्हणजे पाय जरा जपून पडतात.

असो. तर मुक्कामाचे.

या दोन विमानतळांच्या मधे ठाण्याची खाडी आहे. सगळी मेख इथेच आहे. नकाशात बोटभर दिसणारे अंतर रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर भरते. पहाटे तासाभरात माणूस पलीकडे जातो, पण संध्याकाळी त्याच रस्त्याला दोन तासही पुरत नाहीत. जून ते सप्टेंबर पावसाने जोर धरला की कुर्ला-शीवकडे पाणी साचते, मग तर काही सांगताच येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात नदीपलीकडच्या गावी लग्न असले तर शहाणा माणूस आदल्या दिवशीच पलीकडे जाऊन राहतो. सकाळी पूर आला तर काठावर उभे राहून वरातीचे बँड ऐकत बसावे लागते! मुंबईतही तेच करायचे. विमान खाडीच्या ज्या काठावरून सुटणार, त्याच काठावर आदल्या रात्री झोपायचे. पाहुणे कुठे राहतात, लॉज कुठे स्वस्त आहे, हे सगळे नंतर.

त्यासाठी तिकीट नीट वाचता आले पाहिजे. दोन्हीकडे "मुंबई" हा शब्द असतोच, म्हणून गफलत होते. इंग्रजी तीन अक्षरे बघा. बी-ओ-एम असेल तर सांताक्रूझ-सहार, एन-एम-आय असेल तर नवी मुंबई. घरातल्या शाळकरी मुलाला ती अक्षरे शोधायला सांगा, ते चुकत नाही. गोव्याला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तिथे दाबोळीच्या जोडीला पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. एक दक्षिणेला, दुसरा पार उत्तरेला, सिंधुदुर्गाच्या वेशीवर.

अक्षरांनंतर तारीख बघा. परदेशाची पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०१.४० असेल, तर १४ तारखेची रात्रीची भाकरी खाऊन लगेच विमानतळ गाठायचा आहे. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन दिवस उलटलेला असेल. अशा वेळी रात्रभराची खोली घेण्यात अर्थ नाही. दुपारी अंग टाकण्यापुरती, आंघोळीपुरती खोली मिळते का ते विचारावे.

आता कोणी कुठे उतरावे? विमान नवी मुंबईचे असेल आणि तुम्ही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे किंवा कोकणातून येत असाल, तर पनवेलच्या पुढे जाऊच नका. पुण्याचा रस्ता तिथेच येतो, गोव्याचा तिथूनच फुटतो आणि कोकण रेल्वेच्या गाड्याही पनवेलला थांबतात. लातूर-नांदेडकडून थेट पनवेलला येणारी गाडीही आहे. गावात साधे लॉज आहेत, खानावळी आहेत, रिक्षा मिळते आणि विमानतळ दहा किलोमीटरच्या आसपास. मला तर म्हाताऱ्या माणसांसाठी पनवेलच बरे वाटते. मुंबईची घाई तिथे अजून थोडी कमी आहे. बेलापूर, नेरूळ, खारघरही त्याच काठावर. उलवे सर्वात जवळ. उरणच्या लोकल मार्गावरचे तरघर स्थानक विमानतळाला लागून आहे, पण लोकल रात्रभर धावत नाही, म्हणून पहाटेच्या विमानासाठी तिच्यावर विसंबू नये.

नाशिक, खानदेश, विदर्भाकडून येणाऱ्यांच्या गाड्या कल्याण, ठाणे, दादर करत जातात. त्यांना नवी मुंबईचे विमान धरायचे असेल तर दादरपर्यंत जाण्याचे कारण नाही. ठाण्याला उतरावे, तिथून नेरूळ-पनवेलकडे जाणारी लोकल मिळते. फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत दोन बोचकी घेऊन तिच्यात शिरायचा हट्ट करू नये. दुपारची वेळ धरावी.

विमान सहार-सांताक्रूझचे असेल तर अंधेरी पूर्व, मरोळ, चकाला, विलेपार्ले पूर्व हा भाग जवळचा. जवळचा तितकाच महाग. खिसा हलका असेल तर दादर किंवा बोरीबंदरच्या परिसरात उतरायला हरकत नाही, कारण ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे ही जमिनीखालची मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. ती बोरीबंदर आणि दादरवरून थेट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपाशी जाते. पण तीही रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते आणि सकाळी सहाच्या आसपास सुरू होते. सात-आठ वाजताच्या विमानाला तिचा उपयोग नाही. आणि दादरला रिक्षा मिळेल असे धरून चालू नका. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी आहे, तिथे टॅक्सीच करावी लागते. अटल सेतूवरही रिक्षाला मज्जाव आहे. तेव्हा पहाटेचे वाहन रात्रीच ठरवून ठेवा.

लॉजवाल्याशी बोलताना भाड्याआधी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. "विमानतळाजवळ" अशी पाटी सगळेच लावतात; कुठला विमानतळ, कुठले टर्मिनल, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. रात्री तीनला दार उघडायला माणूस असतो का? आजीबाई बरोबर असतील तर खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट चालू आहे का? प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र लागते, तेव्हा घरातून निघतानाच ते खिशात हवे.

पाहुण्यांचे घर हा मात्र नाजूक विषय. विमान पलीकडच्या काठावरून असले आणि पाहुणे अलीकडे असले, तर आपण लॉजवर उतरलो म्हणून रुसवा होतो. काकूंच्या बहिणीलाही वाईट वाटलेच असते. यावर आमच्या घरी एक तोड काढली आहे. जाताना लॉज, येताना पाहुणे. परतीच्या वेळी वेळेचे बंधन नसते, मग चार दिवस राहा की!

पोचवायला जाणाऱ्यांनीही विचार करावा. मुलगा परदेशी निघाला की जीपभर माणसे निघतात, ते प्रेम मी समजतो. पण तिकीट नसलेल्याला विमानतळाच्या आत सोडत नाहीत. बाकीच्यांनी बाहेरच ताटकळायचे आणि मग रात्री दोनला जीपमध्येच मान टाकायची. दोघे-तिघे पुरेत.

एक प्रसंग मात्र खरोखर अवघड. नागपूरहून विमानाने नवी मुंबईला उतरायचे आणि दुबईचे विमान सहारहून, असे तिकीट कोणी घेतले तर? दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असली तर पहिले विमान उशिरा आले म्हणून दुसरे चुकल्याची भरपाई सहसा मिळत नाही. दोन्ही विमानतळ जोडणारी थेट मेट्रो अजून नाही. अशा वेळी मधे पाच-सहा तास तरी हवेत, आणि रात्र काढायची असेल तर उतरल्याबरोबर, उजेड असतानाच खाडी ओलांडून सहारच्या बाजूला जावे. थकून आलो म्हणून उतरल्या जागी झोपले की सकाळचा घोर आपल्याच उशाशी.

वेळेचा हिशेब असा धरावा. देशातल्या विमानासाठी दोन तास आधी, परदेशासाठी तीन तास आधी दारात. सामान घेणाऱ्या खिडक्या साधारण तासभर आधीच बंद होतात, काकांनी तो अनुभव घेतलाच आहे.

त्यांचे परतणे परवा झाले. लेक आणि तान्हा नातू बरोबर, बारसे गावीच करायचे. जीप घेऊन मी जाणार होतो. आदल्या रात्री काकांचा फोन आला. नातू कसा आहे, रडतो का, काही नाही; पहिलेच वाक्य हे, "कागद हातात घेऊन बोलतोय. बी-ओ-एम आहे. टर्मिनल दोन. तू सहारलाच ये, आणि पोरीच्या आजारपणाला झालेला उशीर पुरे, तू अर्धा तास आधीच ये."