मोटारसायकल : आधी शिकावी, मग चालवावी



मी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. त्यामुळे माणसाला सारे काही आपले आपण शिकता येते, अशी माझी समजूत होती. ती एका विषयापुरती चुकीची कशी ठरली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दोन वर्षांपूर्वी घरोघर जेवण पोचविणारा आमचा एक तरुण सभासद अपघातात सापडला. पुढची रिक्षा एकाएकी थांबली. ह्याने पायाखालचा ब्रेक होता तेवढा दाबला. मागचे चाक अडकले, गाडी आडवी झाली, मांडीचे हाड मोडले. भरपाईचा अर्ज लिहावयास मी इस्पितळात गेलो. सहज विचारले, "पुढचा ब्रेक का नाही दाबलास?" तो म्हणाला, "काका, पुढचा दाबला की गाडी उलटते, असं मामांनी सांगितलं होतं."

मला पुढे बोलता येईना. तीस वर्षांपूर्वी एका मित्राने तासाभरात मला मोटारसायकल शिकविली, तेव्हा त्यानेही हेच सांगितले होते. आणि मी ते पुढे वीस-पंचवीस जणांना सांगितले होते.

त्याच महिन्यात मी नवशिक्यांच्या दोन दिवसांच्या वर्गात नाव घातले. वर्गात बहुतेक विशी-पंचविशीतली मुले-मुली होती; शिकविणाऱ्या बाई तिशीतल्या. पहिला तास गाडी सुरू न करताच गेला. ती हाताने ढकलणे, तिचे वजन कुठे तोलले जाते ते पाहणे, स्टँडवर नीट लावणे. मग क्लच. मूठ सोडता सोडता एका जागी चाकाला जोर मिळू लागतो. त्याला आपण 'हाफ क्लच' म्हणतो. ती जागा बोटांना ओळखू आली, की गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेता येते. गर्दीच्या शहरात हीच विद्या सर्वांत उपयोगी.

दुसरा धडा ब्रेकचा, आणि तो मी मन लावून ऐकला. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे सरकतो. एस.टी.ने ब्रेक मारला की उभे उतारू पुढे झुकतात, तसेच. पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते, त्याची पकड वाढते. मागचे हलके होते आणि थोड्या दाबानेही अडकून घसरते. म्हणजे थांबविण्याची मोठी ताकद पुढच्याच ब्रेकात आहे. मात्र तो झटक्याने ओढू नये. ओला टॉवेल पिळताना दाब वाढवीत नेतो तसा वाढवावा, हँडल सरळ ठेवावे आणि मागचा ब्रेक जोडीला घ्यावा. वाळूवर किंवा वळणावर हात आणखी हलका. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर चौपट होते. शिवाय ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. ब्रेक दाबण्याचे मनात येईपर्यंतच एवढी जमीन मागे पडते.

तिसरा धडा वळण्याचा. आठाचा आकडा काढताना मी खाली चाकाकडे पाहत होतो आणि दर वेळी पाय टेकत होतो. बाई म्हणाल्या, "काका, चाकाकडे बघू नका. जिथे जायचंय तिथे बघा." नजर उचलली आणि आठ जमला. खड्ड्याकडे टक लावली की गाडी खड्ड्यातच जाते, त्याचेही कारण हेच. वेगात मात्र गाडी कलून वळते. उजवीकडे जावयाचे, तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी. हे ऐकताना उलटे वाटते. करून पाहिल्यावर पटते.

आता ह्याचे महत्त्व आकड्यांत पाहू. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली. त्यांतली शेकडा 44.5 दुचाकीवरची होती. अमेरिकेत हॅरी हर्ट ह्यांनी लॉस एंजेलिस परिसरातले 900 हून अधिक मोटारसायकल-अपघात तपासले. त्यांचा अहवाल 1981 साली निघाला. अपघातात सापडलेल्यांपैकी शेकडा 92 जण स्वतःच, किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. एवढ्यावरून शिक्षणाचा गुण सिद्ध होत नाही, कारण एकंदर चालविणारेही बहुतेक तसेच शिकलेले असणार. पण त्याच अहवालात असेही आहे, की बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरविले आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. आमच्या पोराची हकीगत ती हीच.

कोणी म्हणेल, परवाना आहे ना? शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. आठ काढता आला, खुणा ओळखता आल्या, की काम झाले. पण परीक्षा ही शिकल्याची तपासणी आहे. तिने शिकविणे होत नाही. डोक्यावर हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे आणि ते असलेच पाहिजे. मात्र हेल्मेट पडल्यानंतर कामास येते, शिक्षण पडण्याआधी.

कामगार चळवळीतला माणूस म्हणून एक मुद्दा मांडतो. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 23 व्या कलमात असे होते, की धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला धोके समजावून, पुरेसे शिक्षण देऊन किंवा जाणत्याच्या देखरेखीखालीच लावावे. मोटारसायकल हे रस्त्यावरचे यंत्रच आहे. ज्याचा माल ती पोचविते, त्याने चालविणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च सोसावा आणि त्या दोन दिवसांची मजुरीही द्यावी. ही मागणी आम्ही लावून धरली आहे. आपल्यापैकी आईबापांना विनंती, की मुलाला गाडी घेऊन देताना वर्गाच्या फीचाही हिशेब त्यातच धरा.

तो मुलगा आता काठीवाचून चालतो. गाडीवर बसण्याआधी मी त्याला त्याच मैदानावर नेले. पुढचा ब्रेक हळूहळू दाबून गाडी सरळ उभी करावयास त्याला अर्धा दिवस लागला. मी ज्यांना चुकीचे शिकविले, त्यांपैकी जे भेटले त्यांना तसे सांगून आलो. काहींचा पत्ता लागला नाही. ते ह्या सभेत असतील, तर त्यांनी माझे जुने शब्द विसरावे आणि हे ध्यानात ठेवावे.