टोळीत माणूस का शिरतो?

टोळी म्हणजे गुन्हेगारांचा केवळ जमाव नव्हे. म्होरक्या, वाटून दिलेली कामे, लुटीतील हिस्से आणि परस्परांवरील भरवसा यांनी दीर्घकाळ एकत्र राहिलेला तो गट असतो. ऊसतोड मजूर जसा मुकादमाची ओळख, घरची निकड आणि घेतलेली उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) यांमुळे हंगामभर बांधला जातो, तसाच गुन्हेगारी टोळीतील नवखाही बहुधा नात्याने वा ओळखीने आत येतो आणि पुढे देण्याघेण्यात व पकडले जाण्याच्या भीतीत अडकतो. साम्य अर्थात या बांधले जाण्यापुरतेच, कारण मजुराचे काम प्रामाणिक कष्टाचे असते.

टोळीवाले समाजाबाहेरचे आणि जन्मतःच गुन्हेगार असतात, हा समज चुकीचा आहे. हिंगोलीच्या छावणीत १८३०च्या सुमारास ठगांचा (वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांचा) म्होरक्या हरिसिंग प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत होता आणि ठार मारलेल्या एका व्यापाऱ्याचा माल त्याने तेथेच उघडपणे विकला, अशी नोंद इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनी केली आहे. तरीही १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच अख्ख्या जमाती संशयित ठरवल्या आणि असंख्य निरपराध कुटुंबांवर शिक्का मारला; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु विमुक्तांवरील (त्या कायद्यातून मुक्त झालेल्या जमातींवरील) संशय अद्याप पुरता गेलेला नाही.