दर्यावरचं ऊन आणि आपली कातडी



बंदीचे 61 दिवस संपत आले. 1 ऑगस्टला ट्रॉलर पुन्हा दर्यावर जातील. मालिम, कुटबणच्या धक्क्यांवर जाळ्यांची दुरुस्ती, इंजिनाचं काम, रंगकाम चालू आहे. होडीची एवढी निगा आपण राखतो, मग स्वतःच्या कातडीची का नाही?

आपल्याकडे चाळिशीचा तांडेल पन्नाशी उलटल्यासारखा दिसतो. आपण म्हणतो, "खारं वारं लागलंय." खाऱ्या वाऱ्याने कातडी कोरडी पडते हे खरं. पण सुरकुत्या, काळे डाग, राठ झालेली मान हे मुख्यतः उन्हाचं काम. उन्हातले अतिनील किरण कातडीला ताठ ठेवणारे तंतू तोडतात. त्यातले काही ढगांतून आणि केबिनच्या काचेतूनही आत येतात. सावळ्या रंगाने थोडं रक्षण होतं, पूर्ण नाही.

2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. 28 वर्षं गाडी चालवलेली. खिडकीकडचा डावा गाल जाड, सुरकुत्यांनी भरलेला. उजवा बराच तरुण. माणूस एकच, वयही एकच, फरक फक्त उन्हाचा!

आता उशीर झाला, असंही नाही. ऑस्ट्रेलियात नंबूर इथे 55 वर्षांखालच्या लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत कातडी म्हातारी होण्याचं प्रमाण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी दिसलं.

काय करायचं?

• सकाळी 10 ते दुपारी 4 ऊन सर्वांत कडक. जाळं ओढताना इलाज नाही, पण मासळी निवडण्याचं काम ताडपत्रीखाली करता येतं.
• चारही बाजूंनी काठ असलेली, दोरीने बांधायची टोपी आणि लांब बाह्यांचा शर्ट. कॅपने कान आणि मान झाकत नाहीत. पाण्यावरून ऊन उलटून खालूनही लागतं, म्हणून टोपीबरोबर सनस्क्रीनही हवं.
• सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त, पाण्यात टिकणारं. कान, मान, हाताच्या पाठीवरही लावा. घाम आला, पाणी उडालं की किंवा दर दोन तासांनी पुन्हा.
• परतल्यावर गोड्या पाण्याने अंग धुऊन ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. तेल कोरडेपणा घालवतं, ऊन अडवत नाही.

बाजारात बसणाऱ्या भगिनींचे हात दिवसभर बर्फात आणि मासळीच्या पाण्यात असतात. भेगा पडतात, काटा रुततो. जखम साबणाने लगेच धुवा. बोट लाल-जांभळं होऊन सुजायला लागलं तर डॉक्टरकडे जा आणि मासळीचं काम करतो हे आवर्जून सांगा.

ओठाकडे दुर्लक्ष नको. खालचा ओठ सारखा सोलतोय, पांढरा चट्टा आलाय, किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, तर दाखवून घ्या. ही कर्करोगाआधीची पायरी असू शकते. विडी-तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो. बांबोळीच्या गोमेकॉत त्वचारोग विभाग आहे. एक फेरी चुकली तरी चालेल, ही तपासणी चुकवू नका.

आणि एक. दुकानातून विचारून आणलेली 'गोरं करणारी' मलमं चेहऱ्याला लावू नका. काहींत स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ, लाल होते, मुरमं येतात. बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना विचारून सोडा.

बोटमालकांना आमची विनंती : मोसमाच्या सामानात बर्फ-डिझेलबरोबर ताडपत्री, टोप्या आणि सनस्क्रीनही घ्या. आपले बरेच खलाशी ओडिशा-झारखंडचे, मराठी न वाचणारे. त्यांना हे तोंडी सांगा. बोट त्यांच्याच हातांवर चालते.