इम्पोर्ट पुन्हा केलं, तरी कोड जुनाच का?

ज्युपिटर नोटबुक उघडी आहे. शेजारच्या 'मॉडेल.पाय' या फाइलमधलं एक सूत्र तुम्ही बदललंत, फाइल सेव्ह केलीत, इम्पोर्टची ओळ पुन्हा चालवलीत. आलेख मात्र जसाच्या तसा. "म्हणजे या बदलाने फरक पडत नाही" असं समजून पुढे गेलात, तर हा निष्कर्ष थेट प्रबंधात जाऊन बसू शकतो. खरं तर नवीन सूत्र अजून चाललेलंच नाही!

कारण इम्पोर्ट म्हटल्यावर पायथन आधी फाइल शोधतच नाही. तो 'सिस.मॉड्यूल्स' या डिक्शनरीत बघतो: या नावाचं मॉड्यूल आधी आणलंय का? असेल तर तेच हातात देतो, फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. नसेल तरच शोध सुरू होतो: आधी अंगभूत मॉड्यूल्स, मग 'सिस.पाथ'मधले फोल्डर, क्रमाने. (या यादीत सहसा तुमच्या स्क्रिप्टचा फोल्डर पहिला असतो. म्हणून स्वतःच्या फाइलला 'रँडम.पाय' असं नाव देऊ नका. पायथनच्या रँडमऐवजी तीच उचलली जाईल.) सापडलेली फाइल वरपासून खालपर्यंत चालवली जाते. क्लाससुद्धा ती ओळ चालते तेव्हाच तयार होतो.

मग 'इम्पोर्टलिब.रीलोड' वापरलं की झालं? तेवढं सोपं नाही. समजा फाइलमध्ये 'कण' नावाचा क्लास आहे आणि तुम्ही त्याचे 500 ऑब्जेक्ट बनवून ठेवलेत. रीलोड केल्यावर फाइल पुन्हा चालते, 'कण' नावाचा नवा क्लास तयार होतो. पण ते 500 कण जुन्याच क्लासचे राहतात, जुन्याच मेथड वापरतात. ते नव्या क्लासचे आहेत का, असं 'इजइन्स्टन्स'ला विचारलंत तर उत्तर येतं 'फॉल्स'. नाव तेच, क्लास वेगळा. आणि 'फ्रॉम मॉडेल इम्पोर्ट कण' असं लिहिलं असेल, तर तुमच्या नोटबुकमधलं 'कण' हे नावही जुन्या क्लासलाच चिकटून असतं. ती ओळ परत चालवावी लागते. फाइलमधून पुसून टाकलेलं फंक्शनसुद्धा रीलोडनंतर मॉड्यूलमध्ये तसंच शिल्लक राहतं, हे त्याहून फसवं.

ज्युपिटरमधलं 'ऑटोरीलोड' यातलं बरंच सांभाळून घेतं, पण सगळं नाही. रोजच्या खटपटीला ते ठीक आहे. प्रबंधात जाणारे आकडे काढताना मात्र कर्नल रीस्टार्ट करा आणि सगळे सेल वरून खाली चालवा, दहा मिनिटं जास्त लागली तरी.