पाठीवरून ओळख, पोटावरून कुळ

दिवा टेबलालगत आडवा धरला की राखाडी दगडातून युरिप्टेरस रेमिपीस उठून दिसतो. न्यूयॉर्क राज्यातला, सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वीचा, वीतभर लांबीचा सागरी विंचू. पुढे चौकोनी ढाल, तिच्यावर राजम्याच्या दाण्यासारखे दोन डोळे, मधोमध दोन बारीक नेत्रबिंदू. मागे बारा खंड आणि तलवारीसारखी शेपटी. खंड मी शेपटीकडून मोजतो, कारण पहिला खंड आखूड असतो आणि ढालीखाली सरकलेला असला तर निसटतो.

मग पाय. सर्वांत मागच्या जोडीची टोकाकडची पेरं रुंद, चपटी झालेली, हीच वल्ही. 1818 मध्ये सॅम्युअल मिचिल यांनी असाच जीवाश्म पाहून तो मासा ठरवला होता. 1825 मध्ये जेम्स डीके यांनी तो संधिपाद असल्याचं ओळखलं, पण घातला कवचधारींत, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या गोतात. दगडात दिसते ती बहुधा पाठ. कुळ ठरतं पोटाच्या बाजूला, तोंडापुढच्या इवल्याशा चिमट्यांवर. खेकड्याला असतात तशा मिशा इथे नाहीत. म्हणून हा कोळी, विंचू आणि नालखेकड्यांचा नातेवाईक.

ही दडलेली बाजू उजेडात आणणारं काम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. एस्टोनियातल्या सारेमा बेटावरच्या डोलोमाइटमध्ये या प्राण्यांचं मूळ कवचच टिकून होतं. स्वीडनच्या गेरहार्ड होल्म यांनी आम्लाने खडक विरघळवला आणि कवच सुटं केलं. 1898 मध्ये त्यांनी केलेल्या वर्णनात पायांच्या काट्यांपासून कवचावरच्या बारीक केसांपर्यंत सगळं आलं आहे. चालायचे पुढचे तीन पाय आखूड आणि काटेरी, चौथा लांब आणि जवळजवळ बिनकाट्याचा. ही मांडणी वल्ह्याइतकीच बारकाईने बघावी लागते. एकोणिसाव्या शतकात युरिप्टेरस या नावाखाली बरंच काही गोळा झालं होतं. स्कॉटलंडचा अवाढव्य युरिप्टेरस स्कौलेरी त्यातलाच. त्याला वल्हीच नाहीत. तो आज हिबर्टोप्टेरस म्हणून वेगळा आहे.

या दगडातली ढाल धडापासून किंचित तिरकी सुटली आहे. अशा नमुन्यांत मेलेल्या प्राण्यांपेक्षा टाकलेली कातच अधिक सापडते, आणि हीही कात असावी असं मला वाटतं. लिंगाची खूण पोटावरच्या झडपेवर, मधोमध असते. इथे पाठ वर आहे. नोंदवहीतला तो रकाना कोराच ठेवतो.